लाल दोऱ्याची पुडी

हेइशीवान
थंड दवाचा पंधरवडा, १९९६

डुकराला कोंडा घातला, राखेत दोन रताळी पुरली, रात्रीच्या दमट हवेने मऊ पडलेली मक्याची कणसं पुन्हा वळचणीला टांगली, आणि मग औषधाची पुडी सोडायला बसले. तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ रोजच्यासारखीच होती. धुकं पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. तुझे बाबा आतून ओरडले, "अगं, आज बेडूक फार माजलेत!" गुडघ्यांना ते बेडूक म्हणायचे, आठवत असेल तुला. तुझ्या काकाच्या औषधांच्या दुकानासाठी वीस वर्षं ओढ्यात उभं राहून मुळ्या धुतल्या, त्यात सांध्यांत ओल शिरली ती शिरलीच. हवा बदलली की बेडूक ओरडायचे. मी म्हणाले, "ओरडू देत. आत्ता पाजते त्यांना कडू पाणी, मग बसतील गप्प."

पुडीत हात घालून लाल दोऱ्याची छोटी पुडी शोधली. ती नव्हती.

येन, हे वाक्य मी तुझ्या काकाला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, तिरडी उचलायला आलेल्या चौघांना सांगितलं. तुलाही सांगितलं होतं. तू तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एक भांडं सांभाळता आलं नाही तुला?" आणि काकाच्या मागोमाग बसमध्ये चढलीस. त्याला आता तीन वर्षं होतील.

मी तुला हे पत्र मायेने लिहीत नाहीये. मायेने जे काही पाठवायचं होतं ते मी पाठवून पाहिलं. मागच्या आठवड्यात कापडी जोडे पाठवले, तळव्याला सात थर कापड शिवलेले. बसचा ड्रायव्हर तसेच परत घेऊन आला. "काकू, ती म्हणाली नको." बरं. नको तर नको. मीच घातले. मला मोठे होतात, पुढे चिंध्या कोंबल्या आहेत.

जोडे परत देताना तो ड्रायव्हर सहज एक गोष्ट बोलून गेला, म्हणून हे पत्र. म्हणाला, "तुमच्या दिरांच्या दुकानाचं आता बरं झालंय. आधी आजारी माणसाच्या घरी दोन-दोन पुड्या सांभाळून न्यायच्या, छोटी कुठे पडली की शिव्या खायच्या. आता एकच असते, जाडजूड. हरवायची भीती नाही."

एकच असते?

तू त्या दुकानात बसतेस, तुला मी काय शिकवणार. तरी शिकवते, कारण तू विसरलेली दिसतेस. ओल उपसून काढायच्या औषधात दालचिनीच्या डहाळ्या असतात, तुतीच्या काड्या असतात, कसईचे दाणे असतात, आणि दुखणं जुनं असेल तर बचनाग असतो. बाकी सगळं एका कागदात बांधलं तरी चालतं. बचनाग चालत नाही, पुरता उकळला नाही तर ते विषच. तो वेगळ्या पुडीत, लाल दोऱ्याने. लाल दोरा म्हणजे हा आधी, एकटा. एक उदबत्ती जळून दुसरी लावेपर्यंत उकळायचा. मग एक तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा आणि थांबायचं. मुंग्या आल्या तर अजून विस्तव घालायचा. जीभ शांत राहिली तर बाकीचं टाकायचं. ज्या बायकांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यांनाही आपल्या डोंगरात लाल दोरा वाचता येतो.

मला तर अक्षरंही वाचता येतात. तुझे बाबा दुकानातल्या खणांवरची नावं कोळशाने जमिनीवर काढून दाखवायचे, आणि पुड्या बांधायला आणलेली जुनी वर्तमानपत्रं मी बांधायच्या आधी वाचून काढायचे. तू हसायचीस, "आईला जगातल्या बातम्या सहा महिन्यांनी कळतात." कळतात तरी.

त्या दिवशी लाल दोऱ्याची पुडी नव्हती, म्हणून मी समजले की या खेपेला बचनाग नाही. आदल्या महिन्यात तुझा काकाच म्हणाला होता, "दादाचं हृदय अलीकडे नाजूक वाटतं, बचनाग काढून बघू." मला वाटलं, काढला. सगळं एकदम भांड्यात टाकलं आणि नेहमीच्या औषधासारखं उकळलं. आत जे पातळ कीस होते ते मी ओळखले नाहीत. बाबा कापायचे तो बचनाग नाण्याएवढा जाड, काळा आणि चकचकीत असायचा. बाबांचे गुडघे गेल्यावर तुझा काका माल बाहेरून आणायला लागला होता, यंत्रावर किसलेला. केसासारखा. तो कुठल्याही मुळीसारखाच दिसतो.

त्यांनी वाटी संपवली. दुपारच्या आत ते गेले. काही बोलले नाहीत.

तुझ्या काकाने अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "मी लाल दोरा स्वतः बांधला होता. वहिनींची घाई नडली." त्यावर कोण बोलणार? चार पिढ्यांचं दुकान त्याचं, आणि मी पुडीच्या कागदावर शिकलेली बाई. चोथा मी रीतीप्रमाणे वाटेवर टाकला होता, तो लोकांनी तुडवला, पावसाने वाहून गेला. पुडीचा कागद कुठे गेला मला माहीत नाही. दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

तेव्हापासून लग्नात मला चुलीजवळ बोलवत नाहीत. बान शिंपी परवाच पारावर म्हणाला, "हिच्या हातचा चहा आधी कुत्र्याला पाजा." सगळे हसले. कुत्राही तिथेच होता. मी म्हणाले, "कुत्र्याला नको, तुझ्या जिभेला पाज. ती त्याच्या जिभेहून लांब आहे." तेव्हाही हसले. पण चहा कुणी मागितला नाही.

हे सगळं मी सोसलं आहे आणि पुढेही सोसेन. मला फक्त एका गोष्टीचं उत्तर दे. बचनागाला तू लाल दोरा बांधतेस की नाही? हो किंवा नाही. एवढं लिहायला कागदही लागत नाही. ड्रायव्हरला तोंडी सांग.

आई

*

हेइशीवान
दंव उतरायच्या दिवसांत

तुझं उत्तर आलं नाही. तरी मला उत्तर मिळालं. कसं मिळालं ते ऐक.

काल सकाळी पाठीवर टोपली घेऊन डुकरासाठी पाला आणायला निघाले होते. फान आजीच्या घराखाली त्या तीन दगडी पायऱ्या आहेत ना, तिथे मधल्या पायरीवर चोथा पडला होता. नुकताच टाकलेला. वाफ निघत होती. येणारे-जाणारे मुद्दाम पाय देऊन जात होते, आजीचं दुखणं थोडं थोडं वाटून नेत होते. भली रीत आहे. मीही पाय उचलला.

आणि तसाच ठेवला. दालचिनीच्या काड्यांत ते कीस होते. केसासारखे.

मी टोपली उतरवली, खाली बसले आणि चोथा वेचायला लागले. आजीची सून दाइफेन नळावरून येत होती. तिने बादलीच खाली टाकली.

"काकू! अहो, काय करताय? दुसऱ्याचं दुखणं उचलतं का कुणी!"

आपल्या दुकानाच्या फळीवर बसलेला बान शिंपी म्हणाला, "उचलू दे गं. नवऱ्याला पोचवलं, आता घर खायला उठत असेल. सोबतीला नेतेय."

मी एक कीस जिभेच्या टोकावर ठेवला. त्यांच्या समोर. लोकांच्या पायाखालचा, चिखलाचा. दाइफेनने तोंडावर हात ठेवला. बान शिंपी फळीवरून खाली उतरला.

जीभ आधी चुरचुरली. मग तिथे जीभ आहे हेच कळेना. मी थुंकले.

"आजी कुठे आहेत?"

"झोपल्यात. आज औषध छान लागू पडलंय म्हणाल्या. ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या. म्हणाल्या, बघ, ओल बाहेर पडतेय."

ओल बाहेर पडतेय! या डोंगरातलं प्रत्येक म्हातारं माणूस हेच म्हणत मरेल. अंगाला मुंग्या आल्या की औषध चढलं म्हणायचं, आणि पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. मी धावले. आजी पलंगाखाली ओकत होती, हात बर्फासारखे, नाडी अशी की धरावी तर निसटते, सोडावी तर उडी मारते. मी दारातून ओरडले, "शिंपीबुवा, तुझ्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर काढ! आत्ता!" आणि खरं सांगते, तो माणूस एका पायात चप्पल घालून धावला. ट्रॅक्टरमध्ये आजीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. बान शिंपी रस्ताभर सारखा मागे वळून विचारत होता, "आहे का? आहे का?" मी म्हणत होते, "पुढे बघ, नाहीतर आपण कुणीच राहणार नाही."

आजी वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय घेतलं होतं? मी रुमालात बांधलेला चोथा समोर ठेवला. त्यांनी तो उघडून पाहिला आणि मला म्हणाल्या, "हा बरोबर आणायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?"  काय सांगणार? एकदा जपून ठेवला नव्हता, हे?

घरी येऊन दाइफेनला विचारलं, पुडीत लाल दोऱ्याची छोटी पुडी होती का? ती म्हणाली, "नाही काकू. असती तर मी आधी ती उकळली नसती का? मी काय लहान आहे?"

येन, ही बाई माझी वाक्यं बोलत होती. शब्दन् शब्द. आणि माझ्यावेळी ते वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण माझा माणूस मेला होता. हिचं ऐकलं, कारण हिची सासू वाचली.

पुडीचा कागद त्यांच्या चुलीपाशी होता. तो मी उचलला. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

तू रोज किती पुड्या बांधतेस मला माहीत नाही. पण त्यातली प्रत्येक कुठल्यातरी घरात जाते, आणि तिथे कुणीतरी बाई डुकराला कोंडा घालून, हात पुसून ती सोडते, लाल दोरा शोधते, मिळत नाही, आणि निर्धास्त होते. दोरा नसणं म्हणजे बचनाग नसणं. तू तिला खोटं सांगते आहेस, तेही तोंड न उघडता. सांग काकाला. आज सांग. नसेल सांगता येत तर दुकान सोड आणि भांडी घास कुठेतरी, पण त्या फळीमागे उभी राहून हे करू नकोस.

मला राग आलेला आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते त्यामुळे, रडतेय म्हणून नाही.

आई

*

हेइशीवान
हिवाळा लागतो त्या दिवशी

हे पत्र ड्रायव्हरकडे दिलेलं नाही. फान आजीची सून तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर उभी राहील. तिला मी तसं सांगितलं आहे. आधीची दोन्ही पत्रं कुठे गेली ते मला कळलं. काल ती तुझ्या काकाच्या कोटाच्या आतल्या खिशातून बाहेर आली.

तू त्याला दिलीस की त्याने तुझ्याकडून घेतली, ते मी विचारत नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखीच आहे: तू वाचलीस, आणि गप्प बसलीस.

तो आला तेव्हा मी कोबी मीठ लावून मडक्यात दाबत होते. चांगले बूट घालून, चिखलात पाय जपत आला. हातात केकचा डबा होता, गुलाबी फितीचा. पायरीवर बूट पुसले, बसला, आणि पत्र उघडून मला माझंच वाचून दाखवायला लागला.

"वहिनी, तुम्ही लिहिता छान हो. पुडक्याच्या कागदावर शिकून एवढं? दादाने आधी सांगितलं असतं तर दुकानात चिठ्ठ्या लिहायला बसवलं असतं."

"चिठ्ठ्या नको. लाल दोरा बांधायला बसवायचं होतंत."

तो हसला. तुझ्या काकाचं हसू तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाला दाखवायचं. म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाजाराच्या दिवशी दुकानात या एकदा. दारात चाळीस माणसं. जो तो म्हणतो माझी बस चुकेल. दोन-दोन पुड्या बांधायच्या, समजावून सांगायचं, कुणाला वेळ आहे? आणि माल आता कारखान्यात तयार होऊन येतो. तेवढा जोर नसतो त्याला."

"फान आजीला विचारा जोर."

"वाचली ना म्हातारी? झालं तर मग." त्याने पत्राची घडी घातली. "आणि समजा उद्या कुणी चौकशी केली. वरून माणसं आली. तर पहिलं काय विचारतील? पुडी कुणी बांधली. मी पुड्या बांधत नाही, वहिनी. मी नाडी बघतो. आत्ताही मी बांधत नाही, आणि तेव्हाही बांधत नव्हतो."

माझे हात मडक्यात कोपरापर्यंत मिठात होते. मी म्हणाले, "तेव्हा? तेव्हा तर तुम्ही अंगणात म्हणालात, लाल दोरा मी स्वतः बांधला."

"म्हणालो. पोरीसाठी म्हणालो. तीन महिने झाले होते तिला फळीवर बसून. डावखुरी पोरगी, तिची घडी आंधळ्यालाही ओळखू येईल. तुम्हाला ओळखू आली नव्हती? म्हणूनच तर तुम्ही गप्प होतात. आपण दोघांनी मिळून तिला सांभाळलंय, वहिनी. आता तुम्हीच उघड करणार?"

बघ, येन. तीन वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट जगात मला एकटीला माहीत आहे. ती त्यालाही माहीत होती. तू माझी मुलगी आहेस याचं त्याने कुलूप केलं आणि माझ्या तोंडाला लावलं. किल्ली कोटाच्या खिशात घेऊन फिरत होता.

मी विचारलं, "सगळं एकात घाल, हे तिला कुणी सांगितलं?"

"मी. दुसरं कोण सांगणार? ती काय, ऐकणारी पोर."

मी मडक्यातून हात काढले आणि म्हणाले, "भावजी, उठा. माझ्या पायरीवरून उठा." तो म्हणाला, "शांतपणे विचार करा." मी म्हणाले, "शांतपणे मी तीन वर्षं केला. आता उठता, की हे मडकं बुटांवर ओतू?" तो उठला. बूट नवे होते.

डबा तिथेच राहिला. केक मी डुकराला घातला. त्याने आधी वास घेतला, मग खाल्ला. तेवढी अक्कल आपल्या घरात त्या दिवशी कुणालाही नव्हती.

आता नीट वाच. मी पहिल्या पत्रात दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. कागद कुठे गेला मला माहीत नाही, हे खोटं. आणि बाबा काही बोलले नाहीत, हेही खोटं.

वाटी संपवून त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "अगं, हे आधी उकळलं होतंस ना?" मी म्हणाले, "यात बचनाग नाहीये." ते म्हणाले, "आहे." एवढंच. मग म्हणाले, "कागद आण." मी चुलीजवळून कागद आणून दिला. त्यांची बोटं तोवर वळत नव्हती, मीच समोर धरला. सगळं दुकान उजवीकडे घडी मिटतं. हा डावीकडे मिटलेला होता, आणि शेवटचं टोक आत न खोचता बाहेर काढलेलं, पाकोळीच्या शेपटीसारखं. सहा वर्षांची होतीस तेव्हा त्यांनीच तुला शिकवलं होतं. शेजारचे म्हणायचे डावा हात बांधा तिचा, आणि ते म्हणायचे, "पाकोळीला उजवं-डावं नसतं."

ते कागदाकडे बघत राहिले. मी म्हणाले, मी सरपंचाकडे पळते, ट्रॅक्टर आणते. त्यांनी मान हलवली. ट्रॅक्टर त्या दिवशी खाली बाजाराला गेलेला होता, दोघांनाही माहीत होतं. मी मीठपाणी पाजलं, त्यांनी ओकून टाकलं, पुन्हा पाजलं. मध्येच म्हणाले, "पोरीला सांगू नकोस." मी म्हणाले, "हे बोलायची वेळ आहे का?" ते म्हणाले, "दुसरी मिळणार नाही. सांगू नकोस. कळलं तर तिच्या हातून पुन्हा पुडी बांधली जाणार नाही."

बांधली जाऊ नये, असं मला आज वाटतं. पण त्यांना उलट वाटत होतं. त्यांना तुझ्या हाताचा अभिमान होता.

मी त्यांच्यावरही रागावले आहे. जाताना माणसाने बायकोकडे काहीतरी मागावं, पाणी मागावं, हात मागावा. त्यांनी माझं तोंड मागितलं. आणि मी दिलं. गावाने मला घाईची म्हटलं, नवरा खाल्ला म्हटलं, तू मला जे म्हणालीस ते म्हणालीस, आणि मी दर वेळी गप्प राहिले. मला वाटायचं, तू तिकडे सुखात पुड्या बांधते आहेस, असू दे. मला काय ठाऊक, तू तशाच पुड्या बांधते आहेस! मी गप्प बसून तुला सांभाळलं नाही. मी तुझ्या काकाचा वेळ वाचवला.

फान आजीच्या चुलीपाशी मिळालेला कागदही डावीकडे मिटलेला होता. शेपटी बाहेर.

तुझा पहिला गुन्हा तुझा नाही. तू एकोणीस वर्षांची होतीस, काकाने सांगितलं तसं केलंस. ते मी तुझ्या डोक्यावर ठेवत नाही, आणि तूही ठेवू नकोस. रात्रंदिवस छाती बडवून घेऊ नकोस, ते मी तुझ्या वाटचंही केलं आहे. पण पहिलं पत्र वाचल्यानंतर तू ज्या ज्या पुड्या बांधल्यास, त्या तुझ्या आहेत. त्यांचं उत्तर मी देणार नाही, तुझे बाबा देणार नाहीत. त्यासाठी तुझ्यावर रागावले आहे, आणि हा राग मला कमी करायचा नाहीये.

म्हणून बाबांना दिलेला शब्द मी मोडला. तुला सगळं कळलं की तुझ्या काकाच्या खिशात काही उरत नाही.

परवा बाजार. मी येते आहे. चोथा अजून रुमालात आहे, वाळवून ठेवला आहे. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं आहे की विचारायला माणसं आली तर त्या बोलतील, आणि दाइफेन बोलेल, आणि मी बोलेन, तेव्हाचंही आणि आत्ताचंही. पुडी कुणी बांधली विचारलं तर सांगेन, माझ्या मुलीने. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगेन. तेव्हा तू माझ्या बाजूला उभी असावीस असं मला वाटतं, पण त्यासाठी मी थांबणार नाही.

मी दुकानाच्या पायरीवर बसणार. जो पुडी घेऊन बाहेर पडेल त्याला म्हणणार, "बाबा, सोडून दाखव." बान शिंपी म्हणतोय तोही येणार. म्हणाला, "काकू, एवढ्या लांब जिभेचा माणूस दारात बसवलात तर गिऱ्हाईक आपोआप पळेल." त्याने लाल दोऱ्याचं अख्खं रीळ आणून दिलं आहे. ते मी बरोबर आणीन. पुड्या बांधायला हात लागतील. डावा असला तरी चालेल.

यायचं की नाही ते तू ठरव. मी हाक मारणार नाही.

एक गोष्ट राहिली. कागद कुठे गेला ते.

तुझे बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तुझी बस यायच्या आधी, मी भांड्यातला चोथा वाटेवर नेऊन टाकला आणि लोकांनी पाय देण्याआधी स्वतः तुडवला. तो कागद हाताने सपाट केला, त्यावरची बातमी वाचली, आणि चुलीत घातला. मग भांडं घासून पालथं घातलं आणि तू उपाशी येशील म्हणून भात टाकला.